मुलांचा औषधांना दाद न देणारा टायफॉइड: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

टायफॉइडच्या उपचारात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो क्रमाचा. ताप आला की अँटिबायोटिक सुरू होतं. तिसऱ्या दिवशी ताप तसाच दिसला की ते बदललं जातं, पाचव्या दिवशी पुन्हा बदललं जातं, आणि त्यानंतर कुणीतरी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायची तपासणी) करायला सांगतं. तोवर रक्तातले जंतू इतके कमी झालेले असतात की कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत मात्र ते टिकून असतात. जंतू साध्या औषधाने मरणारा असेल तर एवढा गोंधळ होऊनही मूल बरं होतं. तो औषधांना दाद न देणारा असेल, तर कोणतं औषध लागू पडेल हे कळण्याचा मार्गच आपण हाताने बंद केलेला असतो.

पुढे वाचताना तीन शब्द लागतील. अ‍ॅम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या तिन्ही जुन्या औषधांना न जुमानणारा जंतू म्हणजे एमडीआर. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन या गटाला न जुमानणारा तो क्विनोलोन-प्रतिकारक. दक्षिण आशियात बहुतेक टायफॉइड आता असाच असतो. या सगळ्यांसोबत इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा तो एक्सडीआर. एक्सडीआरची मोठी साथ २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सुरू झाली. त्यावर तोंडाने घ्यायचं भरवशाचं औषध एकच उरतं, अ‍ॅझिथ्रोमायसिन.

लेखात दिलेले डोस डॉक्टरांनी लिहिलेला हिशेब पडताळून पाहण्यासाठी आहेत. स्वतःहून औषध सुरू करण्यासाठी ते वापरू नका.

> यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा: पोट फुगून कडक होणं किंवा पोटात असह्य दुखणं, डांबरासारखी काळी शी किंवा शीतून रक्त, दर वेळी सगळं उलटून पडणं, गुंगी, बरळणं, आकडी, धाप लागणं, हातपाय गार पडणं, सहा-आठ तास लघवी न होणं. चढलेला ताप अचानक उतरला, पण नाडी जोरात धावते आहे आणि मूल पांढरं पडलं आहे, तर तो बरं होण्याचा ताप उतरणं नव्हे. आतड्यातून रक्तस्राव होत असताना किंवा आतड्याला छिद्र पडल्यावर असं होतं.

## टप्पा १: डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

चार गोष्टी कागदावर हव्यात.

तापाचा तक्ता. रोज किमान चार वेळा, डिजिटल थर्मामीटरने आणि दर वेळी एकाच जागी ताप मोजा. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो. सकाळी काखेत आणि रात्री तोंडात मोजलात तर तक्ता निरुपयोगी होतो. ताप, वेळ आणि पॅरासिटॅमॉल केव्हा दिलं हे एकाच ओळीत लिहा. टायफॉइडचा ताप पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा पायरीपायरीने चढतो आणि मग ३९ ते ४० अंश सेल्सिअसवर (१०२ ते १०४ फॅरनहाइट) रेंगाळतो. लहान मुलांत हा नमुना नेहमी दिसेलच असं नाही.

आजचं वजन. महिन्यांपूर्वीचं नको, अंदाजे नको. सगळे डोस यावरच ठरतात.

आधी दिलेल्या औषधांची यादी. नाव, ताकद, किती दिलं, शेवटचा डोस कधी दिला, सगळं लिहा. रिकामी बाटली किंवा पाकीट सोबत न्या. 'गुलाबी औषध दिलं होतं' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

मागच्या तीस दिवसांचा हिशेब. जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात, कधी तीस दिवसही. या काळात प्रवास कुठे झाला, घरात किंवा शाळेत कुणाला टायफॉइड झाला होता का, त्याला कोणत्या औषधाने गुण आला, हे सांगा. ज्या भागात एक्सडीआर आढळतो तिथून मूल परतलं असेल, तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, स्वतः आधी सांगा. पहिल्या औषधाची निवड त्यावरून बदलू शकते.

टायफॉइडची लसही लिहून ठेवा: कोणती आणि कधी दिली. लस घेतलेल्या मुलालाही टायफॉइड होऊ शकतो, त्यामुळे 'लस झाली आहे' म्हणून तपासणी टाळू नका.

## टप्पा २: आधी रक्त, मग औषध

या लेखातला एकच टप्पा लक्षात राहणार असेल तर तो हा असावा.

१. ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्तात जंतू जास्त सापडतात. ताप चढलेला असतानाच रक्त घेतलं पाहिजे असा आग्रह नको, उशीर मात्र नको.

२. रक्त पुरेसं घ्या. टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात जंतू फारच थोडे असतात, बऱ्याचदा एखाद-दुसराच. त्यामुळे किती रक्त घेतलं यावर कल्चरचं यश अवलंबून असतं. अंगणवाडी-बालवाडीच्या वयाच्या मुलांत २ ते ४ मिली आणि शाळकरी मुलांत १० मिलीच्या आसपास रक्त लागतं. मूल रडतं म्हणून १ मिलीवर थांबणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं हे खरं, पण कमी रक्तामुळे कल्चर वाया गेलं तर त्याच मुलाला पुन्हा टोचावं लागतं.

३. बाटली वयानुसार हवी. लहान मुलांसाठी कल्चरची वेगळी, कमी द्रवाची बाटली असते. रक्त आणि बाटलीतला द्रव यांचं प्रमाण १:५ ते १:१० असावं लागतं. मोठ्यांच्या बाटलीत २ मिली रक्त घातलं तर हे प्रमाण बिघडतं.

४. कातडी नीट निर्जंतुक करून ती वाळू द्या. अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडिन लावल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावं लागतं आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचं नसतं. घाई झाली तर कातडीवरचे जंतू बाटलीत शिरतात आणि रिपोर्ट फसवा येतो.

५. बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका. ती लगेच प्रयोगशाळेत जायला हवी. तोवर सामान्य तापमानाला ठेवा. बाकीचे नमुने फ्रीजमध्ये ठेवायची सवय असल्याने ही चूक वारंवार होते.

६. फॉर्मवर लिहा: 'टायफॉइडचा संशय', तापाचा दिवस कितवा, आणि अँटिबायोटिक दिलं असल्यास त्याचं नाव व शेवटच्या डोसची वेळ.

*अँटिबायोटिक आधीच सुरू झालं असेल तर?* तरीही कल्चर घ्या, पुढचा डोस देण्याआधी. यश कमी मिळतं, पण शून्य नसतं. मूल गंभीर असेल आणि निदान अडलं असेल, तर अस्थिमज्जेचं कल्चर हा पर्याय डॉक्टरांकडे असतो. औषध सुरू झाल्यावरही काही दिवस त्यात जंतू सापडू शकतो.

विडालबद्दल. विडाल चाचणी जंतू शोधत नाही, शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची मोजणी करते. आधीचा संसर्ग, जवळच्या जातीचे जंतू, कधी मलेरिया यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते, आणि पहिल्या आठवड्यात टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. कोणतं औषध लागू पडेल हे तर ती सांगूच शकत नाही. एकदाच केलेल्या विडालवर उपचार ठरवू नयेत, आणि बरं झाल्यावर 'विडाल उतरली का' हे पाहण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण ती महिनोन्‌महिने चढलेली राहू शकते. तात्काळ निकाल देणाऱ्या पट्टी-चाचण्याही कल्चरची जागा घेऊ शकत नाहीत.

सोबत रक्तपेशींची मोजणी, मलेरिया आणि साथीनुसार डेंग्यू या तपासण्या होतात. पांढऱ्या पेशी कमी किंवा सामान्य, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) जवळपास शून्य आणि यकृताची एन्झाइम थोडी वाढलेली, असं चित्र टायफॉइडकडे बोट दाखवतं. तो पुरावा मात्र नव्हे.

> तपासा: रक्त गेलं का? प्रयोगशाळेचा फोन नंबर आणि नमुन्याचा क्रमांक लिहून घेतला का? पहिला डोस त्यानंतरच.

## टप्पा ३: घरी ठेवायचं की दाखल करायचं

मूल तोंडाने पाणी आणि औषध घेऊन पोटात ठेवू शकतं, शुद्धीवर आहे, पोट मऊ आहे, रुग्णालय जवळ आहे आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवता येईल, तर बहुतेक वेळा घरी उपचार चालतात. यातली एकही अट पूर्ण होत नसेल तर दाखल करणं बरं. अगदी तान्ही मुलं, कुपोषित मुलं आणि तापाचा दुसरा आठवडा उलटून गेलेली मुलं यांच्या बाबतीत दाखल करण्याकडेच कल असावा, कारण रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र हे धोके दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून तिसऱ्या आठवड्यात वाढतात.

## टप्पा ४: रिपोर्ट येण्याआधीचं पहिलं औषध

कल्चर येईपर्यंत डॉक्टर त्या भागात जंतू कशाला दाद देतो यावरून औषध निवडतात. घरी असलेल्या मुलाला बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळतं, दाखल मुलाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. एक्सडीआरचा दाट संशय आणि मूल गंभीर, तर मेरोपेनेम (शेवटच्या फळीतलं, शिरेतून द्यायचं औषध) सुरुवातीपासून देतात.

अ‍ॅझिथ्रोमायसिनचा हिशेब. टायफॉइडसाठी ते दिवसातून एकदा, वजनाच्या दर किलोला १० ते २० मिलिग्रॅम, साधारण ७ दिवस देतात. दिवसाला १ ग्रॅमच्या वर जात नाहीत. घसादुखीसाठी तीन दिवस देतात त्याहून हा डोस मोठा आणि लांबलेला असतो. घरात उरलेली जुनी बाटली 'तेच तर औषध आहे' म्हणून देण्यातला धोका इथेच आहे.

उदाहरण घ्या. मुलाचं वजन १५ किलो, डोस किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३०० मिलिग्रॅम. औषध '५ मिलीत २०० मिलिग्रॅम' ताकदीचं असेल तर रोज ७.५ मिली, आणि '५ मिलीत १००' ताकदीचं असेल तर रोज १५ मिली. नाव एकच, बाटली तशीच, आणि डोस दुप्पट किंवा निम्मा! सात दिवसांना ७.५ मिलीप्रमाणे ५२.५ मिली लागेल. बाटली १५ मिलीची असेल तर चार बाटल्या. एकच बाटली आणली तर दोन दिवसांत औषध संपतं आणि ते संपलं म्हणजे कोर्स संपला असा समज होतो.

देताना इथे चुका होतात:

- भुकटीत खुणेपेक्षा जास्त किंवा कमी पाणी घालणं. उकळून गार केलेलं पाणी आधी अर्धं घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा.
- दर वेळी बाटली न हलवणं. औषध तळाशी बसतं, पहिले डोस फिके आणि शेवटचे जास्त तीव्र होतात.
- घरातल्या चमच्याने मोजणं. खुणांची सिरिंज वापरा.
- अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं आम्लपित्ताचं औषध सोबत देणं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.
- अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर काय करायचं हे आधी विचारून न ठेवणं. बहुतेक वेळा डोस पुन्हा द्यावा लागतो.

मुलाला हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल, किंवा उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन चालू असेल, तर अ‍ॅझिथ्रोमायसिनआधी डॉक्टरांना ते आठवणीने सांगा. दोन्ही औषधं हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतात.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून, बहुधा दिवसातून एकदा, दर किलोला ५० ते १०० मिलिग्रॅम, साधारण १० ते १४ दिवस देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी सोडलं जात असेल तर पुढचे दिवस कोणत्या औषधाने आणि किती, हे लेखी घ्या. सेफिक्झिम हे त्याच कुळातलं तोंडाने घ्यायचं औषध असलं तरी टायफॉइडमध्ये ते तितकं भरवशाचं नाही, आणि जंतू सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद देत नसेल तर सेफिक्झिमचा काहीच उपयोग नाही.

> इशारा: ताप झटकन उतरावा म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. त्याने ताप झाकला जातो, जंतू तसाच राहतो आणि पोटातल्या गुंतागुंतीची लक्षणं लपतात. अतिगंभीर टायफॉइडमध्ये रुग्णालयात विचारपूर्वक स्टिरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी.

## टप्पा ५: ताप उतरण्याची वाट कशी पाहायची

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सावकाश वाचा.

योग्य औषध, योग्य डोसमध्ये चालू असतानाही टायफॉइडचा ताप उतरायला साधारण ४ ते ७ दिवस लागतात. जंतू पेशींच्या आत लपलेला असतो. तो मरायला आणि शरीराची आग शमायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी १०३ ताप असणं म्हणजे औषध फसलं असं नव्हे. या दिवशी डॉक्टर बदलला की नवे डॉक्टर औषध बदलतात. त्यानंतर दोन दिवसांनी ताप उतरतो, आणि श्रेय दुसऱ्या औषधाला जातं. पुढच्या वेळी घरातलं कुणी आजारी पडलं की तेच 'जालीम' औषध मागितलं जातं. प्रतिकार पसरायला असाच हातभार लागतो.

दिवस १ ते ३ (औषध सुरू झाल्यापासून): ताप जवळपास तसाच राहू शकतो. मूल पाणी पितंय, लघवी होतेय, पोट मऊ आहे, ओळखतंय, एवढं पुरे. औषध बदलू नका, दुसरं जोडू नका.

दिवस ३ ते ५: तक्ता उघडा. ताप पूर्ण गेला का हे पाहू नका, तापाची शिखरं पाहा. काल ४० होतं, आज ३९.४, काल दिवसात चार वेळा चढला, आज तीन वेळा, मुलाने आज खायला मागितलं. यातलं काहीही दिसत असेल तर औषध काम करतंय. याच दिवसांत प्रयोगशाळेला फोन करा. जंतू वाढला असेल तर बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांतच कळतं, त्याची औषध-संवेदनशीलता कळायला आणखी एक-दोन दिवस लागतात. तोंडी प्राथमिक निरोपही डॉक्टरांना लगेच कळवा.

दिवस ५ ते ७: शिखरं किंचितही खाली आलेली नाहीत, किंवा मूल आणखी मलूल झालं आहे, तर पुन्हा तपासणी हवी. सरळ औषध बदलण्याआधी या प्रश्नांची उत्तरं शोधा:

- डोस खरंच पोटात जातोय का? वजन, ताकद, मिली पुन्हा मोजा.
- कल्चरमध्ये काय आलं?
- मलेरिया, डेंग्यू, क्षय, लघवीचा संसर्ग यांपैकी दुसरं काही आहे का?
- पोटात किंवा इतरत्र पू साठला आहे का?
- दाखल मुलात सलाईनची सुई लावलेली जागा लाल, कडक झाली आहे का? कित्येकदा उरलेला ताप तिथूनच येतो.

पहिलं कल्चर निगेटिव्ह आलं असेल तर औषध बदलण्याआधी दुसरं घ्या. क्रम इथेही तोच: आधी रक्त, मग नवं औषध. गंभीर झालेल्या मुलाला मात्र सात दिवसांची मुदत लागू नाही. त्याच्या बाबतीत निर्णय त्याच तासाला होतो.

## टप्पा ६: कल्चरचा रिपोर्ट वाचणं

आधी जंतूचं नाव पाहा. 'साल्मोनेला टायफी' (टायफॉइडचा जंतू) किंवा 'साल्मोनेला पॅराटायफी ए' (टायफॉइडसारखाच ताप आणणारा त्याचा भाऊबंद) असेल तर निदान पक्कं. 'कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस' असं काही असेल तर तो बऱ्याचदा कातडीवरचा जंतू असतो आणि नमुना दूषित झालेला असतो. 'वाढ नाही' म्हणजे टायफॉइड नाही असा अर्थ होत नाही. टायफॉइड असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांतच रक्ताचं कल्चर पॉझिटिव्ह येतं. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर औषध पूर्ण करायला सांगतील, आणि ते बरोबर आहे.

मग औषधांचा तक्ता. 'एस' म्हणजे दाद देतो, 'आर' म्हणजे देत नाही, 'आय' म्हणजे मधला. हे गट करून वाचा:

- अ‍ॅम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, को-ट्रायमॉक्सॅझोल तिन्ही 'आर': एमडीआर.
- सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा पेफ्लॉक्सॅसिन 'आर', किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन 'आय': हा गट सोडून द्या. इथे 'आय'ला 'थोडंफार चालेल' असं समजू नका. याच गटातलं जुनं औषध नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड 'आर' आलं असेल तरी तोच अर्थ.
- सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 'आर', शिवाय वरचे सगळे 'आर': एक्सडीआर.
- अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेम या ओळी तक्त्यात आहेत का ते पाहा. अ‍ॅझिथ्रोमायसिन तपासलंच नसेल तर प्रयोगशाळेला तपासायला सांगा. वाढवलेला जंतू प्रयोगशाळेत काही दिवस जपून ठेवलेला असतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणारे टायफीही आता आढळले आहेत, त्यामुळे 'ते चालणारच' हे गृहीत धरू नका.

> मोठा सापळा: जेंटामायसिन, अमिकासिन, सेफॅझोलिन, सेफ्युरॉक्झिम यांच्यापुढे 'एस' दिसला तरी ती औषधं टायफॉइडवर चालत नाहीत. प्रयोगशाळेच्या बशीत ती जंतू मारतात, पण शरीरात जंतू पेशींच्या आत असतो आणि तिथे ती उपयोगी पडत नाहीत. चांगल्या प्रयोगशाळा या ओळी रिपोर्टमध्ये देतच नाहीत.

एक दिलासा देणारी शक्यताही असते. काही भागांत जुन्या औषधांना जंतू पुन्हा दाद देऊ लागला आहे. रिपोर्टमध्ये ती 'एस' असतील तर डॉक्टर त्यांचा विचार करू शकतात. जुनं औषध म्हणून नाराज होऊ नका.

## टप्पा ७: रिपोर्टनुसार औषध बदलणं किंवा न बदलणं

रिपोर्ट 'आर' दाखवतो पण मूल त्याच औषधावर स्पष्ट सुधारतंय, किंवा रिपोर्ट 'एस' दाखवतो पण मूल खालावतंय, अशा वेळी कागद आणि मूल दोन्ही डॉक्टरांसमोर न्या. फोनवर निर्णय नको.

एक्सडीआर, पण मूल ठीक आहे, उलट्या नाहीत: अ‍ॅझिथ्रोमायसिन तोंडाने. आधीपासून तेच चालू असेल तर बदलायचं काही नाही, दिवस पूर्ण करायचे.

एक्सडीआर आणि मूल गंभीर, किंवा औषध पोटात टिकत नाही: मेरोपेनेम, शिरेतून, दर ८ तासांनी, सहसा दर डोसला किलोमागे २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. यासाठी दाखल व्हावंच लागतं. काही वेळा डॉक्टर सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिनही देतात. मेरोपेनेम शेवटच्या फळीतलं औषध आहे म्हणून एका दिवसात ताप उतरेल अशी अपेक्षा धरू नका. टप्पा ५ मधला दिवसांचा हिशेब इथेही लागू आहे. दर ८ तासांचा डोस लांबला तर औषधाची रक्तातली पातळी पडते, म्हणून रात्रीचा डोस वेळेवर मिळतोय ना याकडे लक्ष ठेवा.

रिपोर्टमध्ये साध्या औषधाला दाद देणारा जंतू निघाला तर मेरोपेनेमवरून खाली उतरणं हेच योग्य. भारी औषध म्हणजे चांगला उपचार, हा समज सोडायला हवा.

## टप्पा ८: रोजची देखभाल

ताप उतरवायला फक्त पॅरासिटॅमॉल: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तास, दिवसात जास्तीत जास्त ४ वेळा. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांतही ते असतं, त्यामुळे नकळत दुप्पट जातं. टायफॉइडमध्ये यकृत आधीच सुजलेलं असतं. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच नाही. आयबुप्रोफेनही टाळा, कारण आतड्यातून रक्तस्रावाचा धोका आहे आणि डेंग्यू नाकारला गेलेला नसेल तर तो दुहेरी होतो.

बद्धकोष्ठता झाली तर जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नका. जखमांच्या जागी आतड्याची भिंत पातळ झालेली असते. पोट जोराने चोळू नका.

उपाशी ठेवू नका. मऊ, पचायला हलकं अन्न थोडंथोडं, दर दोन-तीन तासांनी द्या. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध चालूच ठेवा. जुलाब किंवा उलट्या असतील तर ओआरएस: पाकिटावर लिहिलेल्या नेमक्या पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धं-अर्धं नाही. लघवीचा रंग फिका राहिला तर पाणी पुरतंय.

## टप्पा ९: ताप गेल्यानंतर

ताप गेला त्या दिवशी औषध थांबवणं हा नेहमीचा घोळ आहे. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. शेवटच्या डोसची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवली की वाद उरत नाही.

औषध संपल्यावरही तक्ता बंद करू नका. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत ताप पुन्हा उलटतो, बहुधा दोन-तीन आठवड्यांत. म्हणून औषधानंतर तीन आठवडे दिवसातून एकदा ताप मोजा. ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर गेला तर थेट कल्चर, उरलेलं औषध नाही. उलटलेल्या टायफॉइडमध्ये जंतू बहुतेक वेळा आधीचाच असतो, त्यामुळे जुना रिपोर्ट फार मोलाचा ठरतो.

पोटात दुखणं पुन्हा सुरू झालं, तर ताप नसला तरी दाखवा.

## टप्पा १०: घरातले इतर

जंतू मुलाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडू शकतो. शौचानंतर आणि खाण्याआधी साबणाने २० सेकंद हात धुणं, मुलाचा टॉवेल वेगळा ठेवणं, शौचालयाचा नळ, कडी आणि झाकण रोज जंतुनाशकाने पुसणं, आणि पिण्याचं पाणी खळखळून १ मिनिट उकळणं (समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं), एवढं काटेकोर करा. उकळलेलं पाणी हात बुडवून काढलं तर उकळण्याचा उपयोग राहत नाही. तोटीचं किंवा झाकणाचं भांडं वापरा. घरात स्वयंपाक करणाऱ्या कुणाला पूर्वी टायफॉइड झाला असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर त्यांची शौचतपासणी करायची का हे डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय जंतू बाळगणारे लोक असतात.

लस: टायफॉइड कॉन्ज्युगेट लस सहा महिन्यांच्या वयापासून, एकाच डोसमध्ये देता येते. जंतूचा औषधांना असलेला प्रतिकार या लसीच्या आड येत नाही. एक्सडीआरवरही ती काम करते. पॅराटायफीपासून मात्र ती वाचवत नाही. टायफॉइड होऊन गेलेल्या मुलालाही ती द्यावी, कारण आजारातून मिळालेलं संरक्षण टिकाऊ नसतं. बरं झाल्यावर किती आठवड्यांनी, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

कल्चरच्या रिपोर्टच्या प्रती काढा आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. पुढच्या महिन्याभरात घरातल्या कुणालाही दोन दिवसांहून जास्त ताप आला, तर डॉक्टरांसमोर आधी तो रिपोर्ट ठेवा, औषधाआधी रक्त द्या, आणि फॉर्मवर लिहायला लावा: 'घरात प्रतिकारक टायफॉइडचा रुग्ण'.